पूलची बातमी: आमच्या डेस्कवरची सगळ्यात सभ्य रद्दी

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:४०

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, सुदानमध्ये २०२३ पासून युद्ध चाललंय. आपल्या पेपरात त्याची बातमी आलीच तर खाली रॉयटर्स नाहीतर एपी अशा परदेशी वृत्तसंस्थेचं नाव असतं. आपला माणूस तिकडे नसतो का?"

नसतो. एवढं सांगून गप्प बसता आलं असतं. पण ज्या डेस्कवर मी उमेदीची वर्षं काढली, तिथे या प्रश्नाचं एक सरकारी उत्तर रोज टेलिप्रिंटरवरून यायचं आणि आम्ही ते रोज रद्दीत टाकायचो. त्या रद्दीबद्दल हा धागा.

मुंबईतलं एक मराठी दैनिक, नाव नको. मी १९७५ साली शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो. टेलिप्रिंटर इंग्रजी, मिनिटाला साठ-पासष्ट शब्दांचा, खडखडाट असा की घरी गेल्यावरही कानात वाजायचा. कॉपी (म्हणजे आलेला मजकूर) फाडायची, वाचायची, मराठी करायची, छपाईचे खिळे जुळवणाऱ्यांकडे पाठवायची. नको असेल ती टेबलावरच्या टोकदार खिळ्याला टोचायची. या खिळ्यावर रोज रात्री एक ठरलेला ऐवज असायचा, तो म्हणजे 'पूल'ची कॉपी. अमुक देशाच्या अध्यक्षांनी तमुक देशाच्या अध्यक्षांचं विमानतळावर स्वागत केलं, दोघांनी साम्राज्यवादाचा निषेध केला, सहकार्य दृढ करण्यावर एकमत झालं. भाषा सभ्य, शुद्ध, बिनचूक. बातमी शोधून सापडायची नाही.

पूल म्हणजे अलिप्ततावादी देशांच्या वृत्तसंस्थांचा पूल. जानेवारी १९७५ मध्ये युगोस्लाव्हियाच्या 'तान्युग' या वृत्तसंस्थेने डझनभर संस्थांना घेऊन तो सुरू केला. प्रत्येक देशाने आपल्या बातम्या बेलग्रेडला पाठवायच्या, तान्युग त्या भाषांतर करून सगळ्यांना परत पाठवणार. मुख्यालय नाही, तिजोरी नाही, ज्याचा खर्च त्याने करायचा. आणि दुसऱ्याच्या कॉपीत हात घालायचा नाही! हा शेवटचा नियम वाचला तेव्हाच मला कळायला हवं होतं. ज्या बातमीत उपसंपादकाला हात घालता येत नाही, ती बातमी नसते, परिपत्रक असतं.

मूळ तक्रार मात्र शंभर नंबरी खरी होती. १८७० साली रॉयटर्स, फ्रान्सची हावास आणि जर्मनीची वोल्फ यांनी करार करून जग आपसात वाटून घेतलं होतं, चौथाई-सरदेशमुखी वाटावी तसं. आपण रॉयटर्सच्या वाट्याला. 'असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया' असं भारदस्त देशी नाव होतं, पण मालकी रॉयटर्सची. मुंबईत एस. सदानंद यांनी या मक्तेदारीला टक्कर द्यायला फ्री प्रेस ऑफ इंडिया ही वृत्तसंस्था काढली. फ्री प्रेस जर्नल आणि नवशक्तीवाले तेच सदानंद. संस्था टिकली नाही. शेवटी १९४९ मध्ये पीटीआय (प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया) या भारतीय वृत्तसंस्थेने सूत्रं घेतली तेव्हा घरच्या बातम्या तरी घरच्यांच्या हाती आल्या. बाहेरच्या तशाच राहिल्या. कोलंबोत काय झालं ते मुंबईला लंडनमार्गे कळायचं, आणि ते कुणाला विचित्रही वाटायचं नाही.

जुलै १९७६ मध्ये दिल्लीत या पूलची मोठी परिषद भरली. उद्घाटन इंदिरा गांधींचं. त्यांच्या भाषणाचं भाषांतर करण्याचं काम माझ्याकडे आलं. आफ्रिकेतल्या घटना आम्हाला आफ्रिकेच्या तोंडून ऐकायच्या आहेत, आणि भारतातल्या घटनांचं भारताने दिलेलं स्पष्टीकरण तुम्हाला मिळालं पाहिजे, असा त्याचा आशय. मुद्दा पटण्यासारखा होता. फक्त तारीख बघा. आणीबाणीला वर्ष झालेलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चारही संस्था एकत्र कोंबून 'समाचार' नावाची एकच केलेली. म्हणजे जगात एकाच तोंडून ऐकू नका म्हणणाऱ्यांनी घरात एकच तोंड ठेवलं होतं.

त्या रात्री काम संपवून घरी गेलो तर वडील दार लावून, आवाज बारीक करून रेडिओ ऐकत होते. बीबीसी. भारतात काय चाललंय ते कळावं म्हणून.

अजून एक गोष्ट सांगायची आहे, काजूची. पण आता डोळे मिटतायत, उद्या.

---

पेंगुळलेला | मंगळवार, सकाळी ७:१०

काका, सकाळच्या चहाबरोबर वाचला. काजूवर आणून सोडलंत, हे बरं नव्हे. खुर्ची राखून ठेवतोय.

---

खडूफळा | मंगळवार, सकाळी १०:२५

उत्तम धागा. पण 'रद्दी' या शब्दाला माझी हरकत आहे. मी हा विषय वर्गात शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते.

तुम्ही कॉपी रटाळ म्हणता, ती होतीच. पण रटाळ नसती तर छापली असतीत का? त्या काळात तारेचे दरच असे होते की पुष्कळदा गरीब देशातून गरीब देशाला शब्द पाठवणं हे गरीब देशातून लंडनला पाठवण्यापेक्षा महाग पडायचं. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शेजारी राजधान्यांमधला फोन पॅरिस किंवा लंडनमार्गे फिरून जायचा, कारण तारा साम्राज्यांच्या सोयीने टाकलेल्या. रस्ता जिकडे जातो तिकडेच बाजार भरतो. पूलने निदान आडवे रस्ते टाकले. तान्युगवरच सगळा भार राहिला नाही. पीटीआय, इंडोनेशियाची अंतारा, ट्युनिशियाची टॅप, क्यूबाची प्रेन्सा लातिना ही फेरवाटपाची ठाणी झाली. दिल्लीच्या आयआयएमसीमध्ये (भारतीय जनसंचार संस्था) अलिप्त देशांच्या पत्रकारांसाठी वृत्तसंस्था-पत्रकारितेचा अभ्यासक्रम सुरू झाला. संयोजन समितीचे पहिले अध्यक्ष आपले डी. आर. मानकेकर होते, तेही मुरलेले पत्रकार, बाबू नव्हेत.

आणि सगळेच सरकारी नव्हते हो. इंटर प्रेस सर्व्हिस १९६४ मध्ये रोममध्ये पत्रकारांनी सहकारी तत्त्वावर काढली. 'आत्ता काय घडलं' यापेक्षा 'हे का घडतंय' यावर तिचा भर. दुष्काळ पडल्यावर फोटो काढण्यापेक्षा पडायच्या आधी विहिरी मोजणारी पत्रकारिता म्हणा.

मग बातम्यांच्या या एकतर्फी वाहतुकीचा अभ्यास करायला युनेस्कोने आयर्लंडचे शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखाली १६ जणांचा आयोग नेमला. त्यात भारताचे बी. जी. वर्गीस होते. आणीबाणीच्याच वर्षात संपादकपद गेलेला माणूस या आयोगावर असणं मला फार अर्थपूर्ण वाटतं. १९८० च्या अहवालात सेन्सॉरशिपला विरोध आहे, पत्रकारांना परवाने देण्यालाही विरोध आहे. तरी अमेरिकी आणि ब्रिटिश वृत्तपत्रांनी बोंब अशी मारली की जणू सगळे हुकूमशहा मिळून पत्रकारांना वेसण घालणार. अमेरिका १९८४ अखेरीस युनेस्कोतून बाहेर पडली, पुढच्या वर्षी ब्रिटन. कारणं इतरही होती, पण हे एक मोठं होतं.

---

शंकेखोर | मंगळवार, दुपारी १:०५

खडूफळा, माहितीबद्दल आभार. पण बोंब अगदीच खोटी होती का? पूलमधले किती देश तेव्हा आपापल्या पत्रकारांना तुरुंगात घालत होते? रात्रपाळींनी आपल्याच देशाचं उदाहरण वर दिलंय. ज्या सरकारांना स्वतःच्या लोकांना खरं सांगायचं नव्हतं, ती दुसऱ्या देशाच्या लोकांना खरं सांगतील हे गृहीत धरणं म्हणजे... जाऊ दे.

३१ ऑक्टोबर १९८४ आठवा. इंदिराजी गेल्याचं बीबीसीने दिवसा सांगितलं, आकाशवाणीने अधिकृतपणे संध्याकाळी. आमच्या चाळीत ज्याच्याकडे ट्रान्झिस्टर होता त्याच्या दारात गर्दी झाली होती. त्या गर्दीतल्या कुणालाही 'आडवे रस्ते' नको होते. बातमी हवी होती.

---

खडूफळा | मंगळवार, दुपारी १:४०

मान्य. पण त्यातून 'म्हणून लंडनवरच विसंबू या' हा निष्कर्ष निघत नाही. तुमच्या आकाशवाणीचा दोष ती देशी होती हा नाही, ती सरकारी होती हा आहे. या दोन गोष्टींची गल्लत तेव्हा मंत्र्यांनी केली, आता तुम्ही करताय.

---

शंकेखोर | मंगळवार, दुपारी १:५२

हं. हे आवडलं. विचार करतो.

---

आर्वीकर | मंगळवार, सायंकाळी ६:३०

चर्चा कागदावरच्या बातमीची चाललीय, मी आकाशातली आणतो.

आयडीवरून कळलंच असेल, आमचं गाव नारायणगावजवळ. तमाशासाठी आणि हल्ली टोमॅटोसाठी ओळखला जाणारा भाग. १९७१ मध्ये आर्वीला विक्रम भू-उपग्रह केंद्र सुरू झालं, उपग्रहामार्फत परदेशांशी बोलणारं. गुरुजींनी आम्हाला चालत नेलं होतं. ऊस, मेंढरं, आणि मध्येच ती प्रचंड पांढरी तबकडी. गुरुजी म्हणाले, ही परात जगाशी बोलते. आम्ही कान लावून उभे राहिलो, काही ऐकू आलं नाही. (पुढे शेजारी खोडदला जीएमआरटी हा रेडिओ दुर्बिणींचा प्रकल्प आला. आमच्याकडे पराती फार.)

हे सांगायचं कारण असं की उपग्रह येईपर्यंत टीव्हीची परदेशी बातमी म्हणजे विमानाने आलेला फिल्मचा डबा. लंडनच्या व्हिसन्यूजसारख्या कंपन्या चित्रण पुरवायच्या, ते पडद्यावर येईपर्यंत शिळं. उपग्रहाने वेळ वाचली, पण भाडं? ते एकट्याला परवडणारं नव्हतं. म्हणून १९८४ मध्ये आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनने एशियाव्हिजन सुरू केलं. दूरदर्शन त्यात होतं. पद्धत साधी: रोज सगळ्या देशांच्या बातमी-संपादकांचं आपसात बोलणं व्हायचं. माझ्याकडे आज हे चित्रण आहे, कुणाला हवंय? ज्यांना हवं ते हात वर करणार, मग ठरलेल्या थोड्या मिनिटांत उपग्रहावरून पाठवणी. मंडईतल्या पहाटेच्या लिलावासारखं, फक्त पैशांऐवजी देवाणघेवाण.

पूल आणि यात फरक बघा. इथे देणाऱ्याने काय पाठवायचं हे घेणारा ठरवत होता. मंत्र्याच्या स्वागताला हात वर होत नाहीत. पुराला होतात, खेळाला होतात. म्हणून पूल गेला आणि एशियाव्हिजन अजून चालू आहे. माझं आपलं साधं गणित.

---

पेंगुळलेला | मंगळवार, सायंकाळी ६:४५

"आमच्याकडे पराती फार" +१

काजू??

---

हिमालयपाहुणा | मंगळवार, रात्री ९:१५

सगळं वाचलं. एक कडू घोट घालतो.

मी कामानिमित्त काही वर्षं काठमांडूत होतो. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात तिथेच. पहिले काही दिवस भारतीय वाहिन्यांचे लोक आले तेव्हा नेपाळी शेजाऱ्यांना बरं वाटलं होतं. मग ढिगाऱ्याजवळ रडणाऱ्या बाईच्या तोंडासमोर माइक, आणि प्रत्येक वाक्यात भारताची मदत, भारताची विमानं, भारताचे जवान. मे महिन्याच्या सुरुवातीला 'भारतीय माध्यमांनो, घरी जा' हा हॅशटॅग नेपाळमधून इतका चालला की जगभर त्याची बातमी झाली. माझे घरमालक, सत्तरीतले, मला चहा देत म्हणाले, आमच्या दुःखात तुमचीच वरात. मला खाली बघावं लागलं. पुढे जुलै २०२० मध्ये तिथल्या केबलवाल्यांनी दूरदर्शन सोडून भारतीय खासगी वृत्तवाहिन्या काही काळ बंदच केल्या.

तुमच्या नातवाला लंडनचा शिक्का खुपतो. काठमांडूतल्या मुलाला दिल्ली आणि नॉयडाचा खुपतो. कोलंबोतल्या बातम्या लंडनमार्गे येतात ही आपली तक्रार, पण आपल्या किती पेपरांचा माणूस काठमांडूत किंवा ढाक्यात आहे? पैसे नाहीत म्हणून नाही, गरज वाटत नाही म्हणून.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:५५

पाहुणे, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. उत्तर नाही माझ्याकडे. नेपाळवरून एक आठवलं, ते सांगतो. नेपाळच्या राष्ट्रीय वृत्तसंस्थेचं नाव राष्ट्रिय समाचार समिती, १९६२ ची. तिच्या बातमीवर इंग्रजी आद्याक्षरांत श्रेय काय येणार? आरएसएस! आमच्या एका नवख्या सहकाऱ्याने 'काठमांडू, आरएसएस' पाहून बातमी नागपूरच्या फाइलला लावली होती. त्याला महिनाभर नागपुरी संत्री म्हणत होतो.

शंकेखोर, प्रेन्सा लातिनाबद्दल खडूफळा यांनी ओझरतं लिहिलं. त्यांच्याकडे १९६० च्या सुमारास रोदोल्फो वॉल्श नावाचा अर्जेंटिनाचा पत्रकार होता. टेलिप्रिंटरवर भलतीकडूनच आलेला सांकेतिक मजकूर हाती लागला. दुसरा कुणी फेकून देता. त्याने हौसेपोटी बसून तो सोडवला, तर ती ग्वाटेमालातून जाणारी सीआयएची तार निघाली, क्यूबावरच्या स्वारीच्या तयारीची. म्हणजे सरकारी वृत्तसंस्थेतही टेलिप्रिंटरकडे बघणारा डोळा कुणाचा आहे यावर पुष्कळ असतं. आमचा डोळा बहुधा घड्याळाकडे असायचा.

आता काजू.

१९७९-८० चा हिवाळा. 'समाचार' एप्रिल १९७८ मध्ये मोडून पीटीआय पुन्हा पीटीआय झाली होती, पूलची कॉपी तीच पाठवत होती. जिल्ह्यांच्या डाक आवृत्तीत तळाला दोन इंच जागा उरली. फोरमन दारात उभा. हाताला लागला तो कागद खिळ्यावरून उपसला: टांझानियाच्या शिहाता या संस्थेची, पूलमार्फत आलेली बातमी. मटवारा भागात यंदा काजूचं पीक कमी, आणि कच्ची बी बाहेर न पाठवता जास्तीत जास्त देशातल्याच नव्या कारखान्यांत फोडण्याचा सरकारचा विचार. सात-आठ ओळी. केल्या, दिल्या, विसरलो.

तिसऱ्या दिवशी ट्रंक कॉल. वेंगुर्ल्याकडून. काजू कारखानदार. "ही बातमी कुठे मिळाली तुम्हाला? अजून काय लिहिलंय त्यात?" मला वाटलं चूक झाली, माफी मागायला लागलो. तो म्हणाला, अहो माफी कसली, आमचा काजू फेब्रुवारी ते मे. बाकीचे महिने कारखाना चालतो तो आफ्रिकेच्या बीवर, त्यांचा हंगाम ऑक्टोबरपासून. ती बी नाही आली तर माझ्याकडच्या फोडणाऱ्या बायका घरी बसणार. मी खिळ्यावर बाकीचा कागद शोधायला गेलो. शिपायाने सकाळीच रद्दी बांधली होती.

पुढे कळलं ते असं: टांझानियाचं काजूपीक सत्तरीच्या सुरुवातीला वर्षाला १,४०,००० टनांच्या वर गेलं होतं, मग घसरतच गेलं. लोकांना विखुरलेल्या वाड्यांवरून उठवून नव्या गावांत वसवण्याची अध्यक्ष न्येरेरेंची उजामा मोहीम, बागा लांब पडल्या, भाव पडलेले, झाडांवर रोग. दार-ए-सलाम आणि वेंगुर्लं यांच्या मधली ही बातमी लंडनला का लागावी? लंडन तिची वाट बघत नव्हतं. वेंगुर्लं बघत होतं, आणि आम्हाला ते माहीत नव्हतं. त्यानंतर मी शिहाता दिसली की आधी वाचायचो. स्वागतं आणि निषेध तसेच होते. पण कधी सिसल (दोरखंडाचा घायपात), कधी लवंग, कधी बंदरातली खोळंबलेली जहाजं. काही छापलं, बरंचसं वृत्तसंपादकांनी कापलं. "टांझानियात कोण वर्गणीदार आहे आपला?" असं विचारून.

युगोस्लाव्हिया फुटला तसा पूलही विरला. २००६ मध्ये मलेशियाच्या बर्नामा या वृत्तसंस्थेने नॅम (अलिप्ततावादी चळवळ) न्यूज नेटवर्क म्हणून पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा मी निवृत्तीच्या वाटेवर होतो. तान्युगचाच कारभार सर्बिया सरकारने २०१५ मध्ये कागदोपत्री गुंडाळला.

---

खडूफळा | बुधवार, सकाळी ९:३०

हे विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार, परवानगी गृहीत धरते. उजामा आणि काजू हा संबंध मी अर्थशास्त्राच्या अंगाने वाचला होता, बातमीच्या अंगाने कधीच पाहिला नव्हता. 'रद्दी'वरची माझी हरकत मात्र कायम. तुमच्याच गोष्टीने ती पक्की झाली.

---

शंकेखोर | बुधवार, सकाळी ११:२०

आर्वीकरांच्या मंडईत ही काजूची बातमी आली असती तर कुणी हात वर केला असता का? वृत्तसंपादकाने तर नक्कीच नाही. मग 'घेणारा ठरवणार' हेही पुरेसं नाही, घेणाऱ्याला आपला वाचक कोण हे माहीत हवं.

---

आर्वीकर | बुधवार, दुपारी १२:१०

खरंय. माझं गणित चुकलं बहुतेक. परातीखाली उभं राहून ऐकू न येण्याची सवय जुनी आहे.

---

वेंगुर्लेकर_जावई | बुधवार, रात्री ८:४०

फक्त वाचणारा आहे, आज पहिल्यांदा लिहितोय. सासरी काजूचा कारखाना होता, आता बंद आहे. सासरे ऐंशीच्या पुढचे. त्यांना फोनवर हा धागा वाचून दाखवला. हसले. म्हणाले, तो फोन मी केलेला नाही, पण कोण असेल त्याचा अंदाज आहे. आणि म्हणाले, त्या पेपरवाल्यांना सांग, आफ्रिकेच्या बीचं काय ते मंगळूरच्या दलालांना आगबोट निघायच्या आधी कळायचं. तुमची बातमी छापून आली तेव्हा दलाल आठ दिवस जुनी म्हणत असणार.

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:३०

असेल, नक्की असेल. सासरेबुवांना नमस्कार सांगा. पण दलालाने ती वेंगुर्ल्याच्या माणसाला सांगितली नव्हती. म्हणून तर त्याने ट्रंक कॉलचे पैसे घातले.